चिठ्ठ्यांवरची ओळखपाळख

बडोदे,
सप्टेंबर १९९८

ती. माधवदादास,

धाकट्या लीलाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींना सांग, त्यांनी पुण्याहून पाठवलेलं मेतकूट इथल्या खमणावर भुरभुरलं तरी छान लागतं. आम्ही सगळे मजेत आहोत. हे नंदेसरीच्या कारखान्यातून रोज वेगळा वास घेऊन घरी येतात, बाकी तब्येत उत्तम.

आज पत्र लिहायला बसले ते आनंदाच्या भरात. काल गोत्रीच्या नव्या कॉलेजात ग्रंथपालांचा मेळावा होता. दक्षिण गुजरातेपासून गोध्र्यापर्यंतच्या कॉलेजांतले चाळीसेक ग्रंथपाल आले होते, आणि त्यात तुझी बहीण नवी इरकल नेसून पहिल्या रांगेत. काल संध्याकाळपासून घरात कोणालाही धरून मी तेच सांगते आहे. आता हे मला पाहिलं की आंघोळीला जातात.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे माझी धावपळ तुला कळेल. आमच्या लायब्ररीत जूनमध्ये कॉम्प्युटर आला. आला तसा तो प्लॅस्टिकच्या झबल्यात बसून आहे. (मी रोज वरून धूळ पुसते. दसऱ्याला हार घालणार आहे.) आम्हाला कोणालाच तो चालवता येत नाही. शेवटी प्राचार्य हंबीररावांनी मला बोलावून सांगितलं, की लीलाताई, मेळाव्यातून हे शिकवणारा माणूस शोधून आणा, नाहीतर दिवाळीनंतर यंत्र हिशेब खात्यात जाईल. हिशेब खातं म्हणजे विश्वासराव. ते त्याच दुपारी फूटपट्टी घेऊन आले आणि माझ्यादेखत कॉम्प्युटरची रुंदी मोजून गेले. दादा, नोकरीला लागल्यापासून मी पुस्तकांची कार्डं हातानं लिहिते आहे. बोटाला घट्टा पडला. ते यंत्र माझ्या टेबलावर चालू झालेलं मला बघायचं आहे, आणि विश्वासरावांच्या टेबलावर गेलं तर मला रडू येईल, हे तुला सांगायला लाज कसली.

तर मेळावा. सकाळी दोन भाषणं झाली, ती ऐकू आली नाहीत, कारण मागच्या मैदानात मांडव ठोकत होते. जेवणात उंधियो नव्हता (मोसम नाही म्हणे), पण श्रीखंड होतं, त्यामुळे तक्रार नाही. दुपारी पत्रिकेत 'नेटवर्किंग' असा एक तास होता. त्याचा अर्थ आयोजक दुर्गाताईंनी सांगितला: सगळ्यांनी उठून अनोळखी माणसांशी मोकळेपणी बोलायचं, ओळखी वाढवायच्या, हल्लीच्या जगात कामं ओळखींनीच होतात. (बडोद्यात पूर्वी कशानं होत होती कोण जाणे.) पण सभागृहात मुलींची गरब्याची तालीम सुरू झाली, म्हणून दुर्गाताईंनी आम्हाला वाचनकक्षात नेलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

अरे, भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी. चाळीस ग्रंथपाल आत शिरले आणि जन्माच्या सवयीनं गप्प झाले. खुर्च्यासुद्धा उचलून ठेवल्या, ओढल्या नाहीत. भरूचचे एक पटेल मला "केम छो बेन" म्हणायला गेले, तर चारही बाजूंनी "शूऽऽ" आलं. त्यात एक शूऽऽ माझंच होतं. दुर्गाताई कुजबुजत फिरत होत्या, "वात करो ने बेन, आज छूट छे," म्हणजे बोला हो, आज मुभा आहे; पण त्याही कुजबुजतच होत्या. मग एकेक जण कपाटांकडे सरकला आणि चुकीच्या जागी लावलेली पुस्तकं जागेवर लावू लागला. पटेल आणि मी मिळून अख्खं भूगोलाचं कपाट लावलं. तेव्हा एकमेकांचं नावही माहीत नव्हतं, पण काम मात्र एका हाताचं असावं असं.

मला मात्र स्वस्थ बसवेना. हंबीरराव डोळ्यांपुढे, आणि त्यांच्या मागे फूटपट्टी. टेबलावर पुस्तक मागायच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक ओढली. 'लेखक' या रकान्यात माझं नाव घातलं, 'पुस्तक' इथे 'कॉम्प्युटर शिकवणारा माणूस' आणि 'दाखल क्रमांक' इथे घरचा फोन. चिठ्ठी पटेलांकडे सरकवली. त्यांनी वाचली, खिशातून पेन काढलं, आणि पाहता पाहता खोलीभर चिठ्ठ्या फिरायला लागल्या. इतका आनंदी तास मी लायब्ररीत कधी पाहिला नव्हता. फक्त एक घोटाळा होता. प्रत्येक चिठ्ठीवर मागणी तीच. सगळ्यांच्या कॉलेजात कॉम्प्युटर झबल्यात बसलेला, आणि सगळ्यांच्या प्राचार्यांनी माणूस शोधायला पाठवलेलं.

तेव्हा मी दुसरी चिठ्ठी लिहिली. पुण्यातले एक माहीतगार गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना बोलावू या, असं काहीसं. ती चिठ्ठी सगळ्यांच्या सह्या घेऊन परत आली. दुर्गाताईंनी ती समारोपात वाचून दाखवली, पुढचा मेळावा आमच्या कॉलेजात ठरला, आणि सगळ्यांनी बोटांनी टेबल वाजवून संमती दिली. आज सकाळी हे ऐकून हंबीरराव इतके खूश झाले, की यंत्र तोपर्यंत हलवायचं नाही असा त्यांनी हुकूमच काढला. विश्वासराव फूटपट्टी घेऊन निघून गेले.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप, आता त्याची गरज पडणार आहे.

तुझी,
लीला

ता. क. पुण्यातले माहीतगार गृहस्थ म्हणजे तू. तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी 'ग्रंथालय आणि संगणक' यावर तुझं व्याख्यान आहे. पत्रिका आजच छापायला गेल्या. तुझ्या नावाआधी 'संगणकतज्ज्ञ' हा शब्द दुर्गाताईंनी घातला, मी फक्त खोडला नाही.

ता. क. २. तू कॉम्प्युटर कंपनीत हिशेब लिहितोस, आणि तोही वहीत, हे मला ठाऊक आहे. मी चिठ्ठीवर 'कॉम्प्युटर कंपनीत आहेत' असं लिहिलं होतं आणि ते खरं आहे. (पुढे लिहायला रकान्यात जागा उरली नाही.) येताना तिथल्या कोणाला तरी यंत्र चालू कसं करायचं तेवढं विचारून ये. इथे विश्वासराव भेटतील, तुमच्या हिशेबाच्या गप्पाही रंगतील, पण तो एक दिवस तू माझ्या बाजूचा राहा.

ता. क. ३. घाबरू नकोस. व्याख्यान मी मुद्दाम आमच्या वाचनकक्षात ठेवलं आहे. तिथे कोणी तोंड उघडून प्रश्न विचारणार नाही. विचारलेच तर चिठ्ठीवर विचारतील, आणि चिठ्ठ्या गोळा करायला मी आहे.