लोखंडी गोऱ्ह्याचा पोळा

दिंद्रुडच्या अलीकडची वाडी,
पोळ्याची कर उलटल्यावर

तीर्थस्वरूप दाजींच्या पायावर सोमनाथचे डोके.

आक्काची साखर आणि तुमचा गुडघा यांची चौकशी आधी करा, मग बाकीचं लिहा, असं आमच्या कारभारणीनं, केसरबाईनं बजावलं आहे, म्हणून आधी करतो. गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू ठेवा आणि आक्काला सांगा की चहात साखर न घालता नंतर गूळ खाल्ला तर तो हिशोबात धरतात. तुमच्या लिंबागणेशला पाऊस बरा असेल. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, माझ्या उजव्या अंगठ्याला तेवढी सूज आहे, ती कशानं आली ते पुढे येईलच. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही माझं पहिलंच वाक्य ऐकून हसता आणि फोन आक्काकडे देता, आणि आक्का मिक्सर चालू ठेवून बोलते. कागदाला ती सोय नाही. शिवाय सुंदररावाच्या सुनेचं माहेर तुमच्याच आळीत आहे, त्यामुळे पोळ्याला सोमनाथची फजिती झाली अशी वार्ता तुमच्याकडे केव्हाच पोचली असणार. तर ती फजिती नव्हती, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या आणि मग पुढं वाचा.

आमच्या घराण्याचा मान तुम्हाला ठाऊक आहे, तरी कागदावर असावा. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावची बैलं बाहेर उभी राहतात, मंगलाष्टका होतात आणि तोरणाखालून पहिलं जनावर जातं ते आमच्या गोठ्यातलं. त्याला कुणी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. त्यानं आपल्या पायानं वेशीचा दगडी उंबरा ओलांडायचा, मग बाकीच्यांनी. आमच्या गोठ्यात जनावर नसलं तर मान चुलत घराला, म्हणजे माझा चुलतभाऊ सुंदरराव याला. सुंदरराव माणूस वाईट नाही (तुमच्याकडून लग्नात त्यानं दोन टोप्या नेल्या होत्या, ती गोष्ट वेगळी), पण मिशीला पीळ देत हसतो, आणि मान गेला असता तर ते हसणं मला पारावर समोर बसून जन्मभर बघावं लागलं असतं. गेल्या पोळ्यानंतर आमच्या बैलजोडीतला पाखऱ्या म्हातारपणानं गेला, मी ट्रॅक्टर घेतला आणि मागे राहिलेल्या एकट्या हौशाला तुम्ही तुमच्या गोठ्यात नेलंत. तेव्हा टेम्पोत त्याला चढवताना मी म्हणालो होतो की दाजी, बैलाचा जमाना संपला. माझं मत मी बदललेलं नाही.

आधी मी ट्रॅक्टरच नेणार होतो. पण गावात सिमेंटचा रस्ता झाल्यापासून जमीन वर आली आहे आणि वेस होती तिथंच राहिली आहे. ट्रॅक्टरचं छत काढून पाहिलं, तर सायलेन्सर अडला. सायलेन्सर काढला असता तर सगळी बैलं आवाजानं परळीपर्यंत पळाली असती. त्या विचारात बाजेवर पडलो असताना मोबाईलवर एक व्हिडिओ लागला. कुठल्या तरी बर्फाळ मुलखातला एक दाढीवाला बाबा, गुडघ्याएवढा ट्रक जमिनीवर ठेवून, हातातल्या रिमोटनं त्याला दगडाधोंड्यांवरून चढवत होता. खेळणं नव्हे, दाजी. खऱ्या ट्रकाच्या दहाव्या हिश्शाचा, पण चासी खरी, स्प्रिंगा खऱ्या, चारही चाकांना ताकद, आणि चाल अशी सावकाश की जणू पोटात वैरण भरली आहे. मी उठून बसलो. वेशीच्या उंबऱ्याला हाच पाहिजे होता.

पारावर कुठल्याही गोष्टीचा शेवटचा शब्द आश्रुबांचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "खातंय काय?" मी म्हणालो, करंट. "मालकाचं ऐकतंय का?" मी म्हणालो, लांबूनसुद्धा ऐकतं. त्यावर आश्रुबा म्हणाले, "मंग तुज्या पाखऱ्यापरीस बरं हाय. आण." सुंदरराव शेजारीच होता. त्यानं मिशीला हात घातला, पण पीळ दिला नाही. ही माझी पहिली जीत.

गाडी सुट्या भागांच्या खोक्यात आली. खोक्यात स्क्रूंच्या इतक्या पुड्या होत्या की केसरबाईला वाटलं मी मसाला मागवला. सोबतच्या पुस्तकात नुसती चित्रं होती, आणि चित्रातला माणूस एकदाही घामाघूम झालेला दिसत नव्हता. मी मात्र ओसरीवर पांढरं धोतर अंथरून त्यावर भाग मांडले (एक वॉशर कोंबडीनं गिळलं, तिच्यामागं फिरून नंतर ते मिळवलं, धुवून लावलं, छान बसलं). आधी दोन पट्ट्यांची चासी, मग पुढचा-मागचा आस, मग तेल भरलेले शॉकअब. त्यांच्याबरोबर आलेलं तेल मला पातळ वाटलं म्हणून मी ट्रॅक्टरचं घातलं. त्यानं गाडी जागची हलेना, तेव्हा पहिलंच पुन्हा घातलं. याला प्रयोग म्हणतात. तारा जोडायला माजलगावच्या प्रवीणकडे गेलो. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, काका, ह्ये तुमच्या वयात कावून? मी म्हणालो, मानासाठी. त्यानं लगेच सोल्डर गरम केलं.

नुसती जोडून कसं भागणार, तिला आपल्या घराण्याची करायची होती. वरची टोपी मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केली आणि ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून तिच्यावर नक्षी काढून घेतली, मागे घोडा, पुढे हळदीकुंकवाची बोटं. चिखलपट्ट्या ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबच्या. चाकांच्या आत शिशाचे तुकडे बसवले, त्यानं वजन खाली राहतं आणि चढाला पुढचा भाग उचलत नाही (हे दाढीवाल्या बाबाचं ज्ञान, पण शिसं माझं). इथवर ती ट्रक होती. मग मी लाकडाची शिंगं कोरून टपावर बसवली, त्यांना हिंगूळ लावला, कपाळाला बाशिंग, गळ्यात, म्हणजे बंपरला, हौशाच्या घुंगरमाळेतली चार घुंगरं, आणि पाठीवर केसरबाईच्या जुन्या खणाची झूल. मागच्या हौद्यात नैवेद्याची पुरणपोळी ठेवायला जागा. लोक तिला लोखंडी गोऱ्हा म्हणू लागले, आणि मी ते चालू दिलं. ओढ्यातले दगड, मुरमाचा ढीग, मारुतीच्या पायऱ्या, सगळीकडे तो चढला. पारावर आश्रुबांना बसल्या जागी तंबाखूची डबी तो नेऊन देऊ लागला. वेशीचा उंबरा तर त्यानं रोज संध्याकाळी असा ओलांडला की शेवटी शेवटी बघायला कुणी थांबेना. अंगठा तेव्हापासून सुजला.

आता नीट वाचा. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी असते. केसरबाई हळद-तुपाची वाटी घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, बैल म्हनून न्यायचा तर बैलासारखं सगळं व्हाया पाह्यजे. मला काय तिचं चूक वाटलं नाही. मी बाजार करायला गेलो होतो तेवढ्यात तिनं गोऱ्ह्याचे खांदे मळले. आता ट्रकाला खांदा कुठं असतो? तिच्या हिशोबानं चाकाच्या वर जो फुगवटा असतो तो खांदा, आणि हात तिथवर गेला की चाकालाही लागणारच. मी परत आलो तेव्हा गोऱ्हा दिव्याच्या उजेडात कसा पिवळाधमक चमकत होता. मला फार आनंद झाला. रबराला तूप लागलं आहे हे मला दिसलं, पण मंगलकार्यात ते शोभून दिसतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर सगळी बैलं उभी, हलगी वाजतेय, आणि सगळ्यांच्या पुढं माझा गोऱ्हा, हौद्यात पुरणपोळी घेऊन. त्याच्या मागे सुंदररावाचा नवाब. नवाब म्हणजे लाल कंधारी, खांदा एवढा की त्याच्या सावलीत माझा गोऱ्हा दिसेनासा झाला. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या आणि मी अंगठा दाबला. गोऱ्हा ऐटीत उंबऱ्यापर्यंत गेला, पुढची चाकं दगडाला टेकली आणि तिथंच गरगर फिरू लागली. मी जोर वाढवला. चाकं जास्त फिरली, तूप उडालं आणि सुंदररावाच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर पिवळे ठिपके पडले (एवढा एक फायदा). हात लावायचा नाही, हा नियम. मागं न्यावा तर मानाचं जनावर मागं हटलं असं होतं. सगळी बैलं खोळंबली, हलगीवाला वाजवायचा थांबला. दाजी, खरं सांगतो, आजा-पणजाचा मान माझ्या अंगठ्याखाली गरगर फिरत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात नवाबाला तुपाचा वास लागला. त्यानं मान खाली घातली, आधी चाक चाटलं, मग खांदे चाटले, मग हौद्यातली पुरणपोळी एका घासात घेतली, आणि पोळीच्या मागे राहिलेला गूळ शोधत नाक असं खुपसलं की गोऱ्हा उंबऱ्यावरून सरकला, वाटेत झुलीचा अर्धा खण नवाबाच्या तोंडात गेला, आणि घुंगरं वाजवत तो तोरणाच्या पलीकडे जाऊन आडवा झाला. पण गेला! नवाबाच्या आधी गेला! मी टोपी उडवली. सुंदरराव ओरडला, "आरं माज्या बैलानं ढकललंय त्येला!" मी म्हणालो, नियमात माणसानं हात लावायचा नाही असं आहे, बैलानं नाक लावायचं नाही असं कुठं आहे? गावानं आश्रुबांकडे पाहिलं. आश्रुबा तोरणाकडे बघत म्हणाले, "पह्यलं गाडंच गेलं, ह्ये समद्यांनी बघितलं. या साली मान सोमनाथच्या घरी ऱ्हाऊ द्या. पन फुडच्या पोळ्याला चार पायाचं जनावर न्हाई आणलं तर मान सुंदररावाच्या गोठ्याला. आमाला बैलाच्या आधी बैल पाह्यजे, डबा न्हाई." म्हणजे मान आमच्याच घरी राहिला. याला फजिती म्हणतात का, तुम्हीच सांगा.

घरी आल्यावर केसरबाईनं गोऱ्ह्याला ओवाळलं आणि रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी त्याच्या पायावर ओतलं. ते आत शिरलं आणि चाकं वळवणारी छोटी मोटर कायमची डावीकडे वळून बसली. मी त्याला काखेत उचललं, दुरुस्तीला ओसरीवर न्यायचं होतं, पण पाय सवयीनं गोठ्याकडे वळले आणि मी त्याला हौशाच्या जागेवर, दाव्याच्या खुंट्याशी नेऊन ठेवलं. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. दाजी, तेव्हा वाईट वाटलं. पोळ्याच्या दिवशी आपल्या गोठ्यात कुणी रवंथ करत नाही, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं, कारण बैल गेल्यापासून त्या बाजूला माझं काही कामच पडलेलं नाही. पण ते घटकाभरच. लगेच मी स्क्रू सोडवायला बसलो. गोऱ्हा आता सुधारून आणखी तगडा करणार आहे आणि पुढच्या साली आश्रुबांना आपला शब्द मागं घ्यावा लागेल, याबद्दल मनात शंका नाही.

आक्काला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम पडो. उत्तर सवडीनं लिहा, पण लिहा.

तुमचा मेहुणा,
सोमनाथ

ता. क. गोऱ्ह्याच्या सुधारणेसाठी खऱ्या बैलाची चाल जवळून पाहणं गरजेचं आहे. दगडावर आधी कुठला पाय टाकतो, खांदा कसा झुकवतो वगैरे. कुठलाही बैल चालेल, पण अभ्यासाला ओळखीचा बरा, म्हणून हौशाच पाठवावा. अभ्यास किती काळ चालेल ते आताच सांगता येत नाही. पुढच्या पोळ्यापर्यंत तर सहज चालेल, आणि नंतरही निष्कर्ष काढावे लागतील. टेम्पो मी पाठवतो, तुम्ही नुसतं हो म्हणा. त्याला उजव्या बाजूनं चढवा, डावीकडून तो बुजतो.

पुन्हा ता. क. त्याच्या जागी तुमच्या शेतात माझा ट्रॅक्टर हवा तेव्हा येईल. ही देवघेव नव्हे, नात्यातली गोष्ट आहे.

आक्का, ह्ये पाकिटात घालाया माज्याकडं दिलंय म्हनून मी केसर खाली लिवते. तुमच्या भावाचं गोठ्याकडं काई काम पडत न्हाई म्हंतेत ना? रोज सकाळी उठल्याबरुबर कडब्याची पेंढी सोडत्यात, गोठ्यात जात्यात, आन् पेंढी तशीच घिऊन भाईर येत्यात. मला बघितलं की म्हंतेत, आज वारं लई हाय. वरीसभर बघते मी. तोंडानं मागनार न्हाईत, म्हनून चाकाला तूप म्या जानूनबुजून लावलं, गाडं अडावं आन् बैल घरी यावा म्हनून. त्या नवाबानं ढकललं नस्तं तर कवाच काम झालं आस्तं. दाजींना म्हनावं, अभ्यास-बिभ्यास काई इचारू नका, हौशाला धाडा. गव्हाण म्या झाडून ठिवलीय.