न वाजलेला संगमरवर

ती. ताईस, तुझ्या धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

सकाळपासून आईच्या टिचकीचा आवाज आठवतोय. कुंभाराकडे ती एकेक मडकं वाजवून बघायची, आणि टण्ण झालं की तू म्हणायचीस, "घे गं, पक्कं आहे!" तेच शिकून मी जन्मभर दगड वाजवले.

इथे सगळं ठीक आहे. खोलीला खिडकी आहे, जेवण गरम मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी कामाला आहे त्या बंगल्याच्या न्हाणीघरासाठी एकाच इटालियन संगमरवरातून कोरलेलं बेसिन आलंय. शाळेतल्या कवितेतलं चांदणं गोठावं तसं. आत चीर नाही ना, हे वाजवून सांगायचं काम माझं. टिचकी मारली, काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा मारली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "खणखणीत आहे," म्हणालो, आणि त्यांनी ते बसवलंसुद्धा. उद्या त्यात गरम पाणी सोडतील. चीर असली तर तडकेल.

कान दाखवून घे, असं तू कितीदा बजावलंस! पण काम करताना मी कविता गुणगुणतो, ती मला आतून स्वच्छ ऐकू येते. म्हणून वाटायचं, कान शाबूत आहेत.

आत्ताच मुकादम आत येऊन ओरडला, "आजोबा, केव्हाचा दार ठोठावतोय!" त्याच्यामागे माझ्याच वयाचा एक इटालियन उभा आहे. बेसिन त्यानंच घडवलंय. बसवलेलं बघायला इतक्या लांबून आलाय.

"पाहुणे विचारतायत, त्यांचं भांडं कसं वाजलं?"

मान वर करायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोच आहे. काय सांगू गं, ताई?

तुझाच,
धाकटा