जिथे चुंबक चिकटेना

३ मार्च, मंगळवार

रविवारी सकाळी गाडी धुवायची. दादा नळी धरायचा, मी फडकी पिळायची. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि पेपराआडून म्हणायचे, "टपापासून खाली या, चाकं शेवटी." दादा मुद्दाम माझ्या पायांवर पाणी सोडायचा. "बुटके, तुझा हात टपाला पोचत नाही, तू चाकंच पूस." मग मी बादली पालथी घालून तिच्यावर चढायची.

हे आठवायचं कारण — काल गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली. बाबांची गाडी. मागचं डावं मडगार्ड हातभर खरवडलं, पत्रा आत गेला. सकाळी पत्राकाम करणारा डेंटर गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "अशा जुन्या गाडीला हात लावायचा म्हणजे आधी हात धुवावे लागतात."

पाठीमागे उशी घेऊन गाडी चालवणारी बाई मी. या वयात मागे वळून नीट बघताही येत नाही.

५ मार्च

गॅरेजवर गेले होते. डेंटर म्हातारा आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खिशातून छोटं चुंबक काढून मडगार्डवर फिरवत होता. सगळीकडे टकटक चिकटत होतं. चाकाच्या वर, तळहाताएवढ्या जागेत चिकटेना. गळून पडायचं.

"ताई, इथे पत्रा नाही, लांबी आहे, पुट्टी. बोटभर जाड भरलीय. गाडीला पूर्वी कुणीतरी चांगलाच दणका दिलाय."

आणि मी म्हणाले, "माझ्या भावानं."

विचार न करता. श्वास घ्यावा तसं.

"तरी म्हटलं," तो हसला. "बायका एवढ्या जोरात ठोकत नाहीत."

मग विचारलं, जुनी लांबी तशीच ठेवून वरून भरून देऊ, की सगळी खरवडून पत्रा आतून ठोकून सरळ करू? भरायचं तर आठ दिवस. ठोकायचा तर पंधरा.

म्हटलं, भरून टाका.

६ मार्च

शाळेत सिस्टर सांगायच्या, खोटं बोललात तर त्याच दिवशी कबूल करा, उद्यावर गेलं की जीभ उचलत नाही. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची.

७ मार्च

लिहूनच टाकते. कधीच लिहिलं नाही.

मी एकोणीस वर्षांची. गाडी शिकत होते, पण एकटीने न्यायची परवानगी नव्हती. दादाला होती — त्या सकाळी त्याने आत्याला डॉक्टरकडे सोडलं होतं. दुपारी सगळे झोपले असताना मी किल्ली घेतली. चौकापर्यंत जाऊन आले. आत येताना गाडी वाकडी लागली म्हणून मागे घेतली. खांब. तोच खांब. गाडी भिंतीला चिकटवून लावली, म्हणजे पोचा दिसणार नाही. किल्ली खुंटीला अडकवली.

संध्याकाळी आत्याला आणायला दादाने गाडी बाहेर काढली आणि बाबांनी मडगार्ड पाहिलं. "सकाळी तूच नेली होतीस ना?" दादा काही बोलला नाही. बाबाही ओरडले नाहीत. नुसता हात पुढे केला, किल्लीसाठी. मी फाटकापाशी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

त्यानंतर दादा त्या गाडीच्या स्टिअरिंगमागे कधी बसला नाही. जन्मभर बस. "माझी गाडी मोठी, ड्रायव्हरसकट," म्हणतो. आणि बाबांनी मृत्युपत्रात लिहिलं — गाडी धाकटीला. तिच्या हातून कधी ओरखडाही उमटला नाही. वकिलांनी ते मोठ्याने वाचलं. दादा शेजारीच होता. म्हणाला, "बरोबर आहे." मी रडले. सगळ्यांना वाटलं बाबांसाठी.

९ मार्च

दादाचा फोन. "गाडी दवाखान्यात आहे म्हणे? उद्या भेटायला येतो पेशंटला." नको म्हणायला कारण सापडेना.

१० मार्च

मला भीती होती तेच झालं. डेंटर दादाकडे बघून म्हणाला, "हेच का ते, जुना दणका देणारे?"

दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या ग्लासात बघत होते.

"हो, मीच," दादा म्हणाला. "तेव्हा हात जड होता."

दोघं हसले. मीही हसले! याची लाज ठोकण्याच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

११ मार्च

गॅरेजवर कळवलं — भरू नका. सगळं खरवडा, पत्रा ठोकून सरळ करा. "आता सांगता?" डेंटर वैतागला. "पहिला हात मारून झाला माझा." माफी मागितली. ही सोपी होती.

मग दादाच्या घरी गेले. वहिनी बाजारात होती. उभ्याउभ्याच सांगितलं, "दादा, तेव्हा गाडी मी ठोकली होती."

तो बशीत चहा ओतत होता. ओतत राहिला. "बस. तुझाही गार होतोय," एवढंच म्हणाला. मग बसचे मार्ग बदलल्याबद्दल बोलत बसला. ऐकलं की नाही, तेही कळलं नाही.

२५ मार्च

गाडी आली. दादाला बोलावलं होतं. डेंटरचं चुंबक मागून घेतलं होतं, ते त्या जागी लावलं — चिकटलं.

दादाने दार उघडून पुढची लांब सीट पाहिली, माझ्या उशीसकट, आणि म्हणाला, "त्या दिवशीही अशीच पार पुढे ओढलेली होती. बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. बाबा यायच्या आत मागे सरकवली. बुटके, निदान सीट तरी जागेवर ठेवायचीस."

२६ मार्च

गाडी दादाला. कागदांवर सकाळी सही केली. दोन्ही किल्ल्या दादाला, बाबांच्या चामडी पाकिटासकट. शेजारची खिडकीची जागा वहिनीला. खरवडून काढलेल्या लांबीचा खडा माझा, टेबलावर राहील. उशीही माझी, काढून घरात आणली.

सीट मागे सरकवून ठेवली आहे.