घासलेल्या पुतळ्या

अल मन्सूरा, दोहा
४ मार्च १९९९

प्रिय जैतून, अम्मी आणि माणसं परमुलखात धाडून बसलेल्या माझ्या घरच्यांनो,
अस्सलामु अलैकुम. गरिबाच्या गळ्यातलं सोनं जगाला चोरीचंच वाटतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. आता आपल्या धाकट्या रमीजवर तेच आलंय.

अल रय्यानला एका शौकिनाच्या बंगल्यात तो जुन्या नाण्यांसाठी कपाटं करत होता. रोमन मोहरा पाहून वेडा हरखला, आणि अम्मीच्या माळेतली, स्वतःच्या गळ्यात घातलेली सोन्याची पुतळी बंगल्याच्या मॅनेजरला दाखवली. एकीकडे पानांचा मुकुट घातलेला बादशहा, दुसरीकडे ढाली-भाले घेतलेली दोन मुलं. हुबेहूब तिथल्यासारखीच मोहर! दुसऱ्या दिवशी मोजणीत एक मोहर कमी भरली. खलास. रमीज कोठडीत आहे. पुतळीला कडी आहे म्हटलं, तर म्हणतात चोरून मग लावली.

माळेत तसल्याच चार आहेत. चेहरे स्पष्ट दिसतील असे फोटो तातडीने धाड. तीस तारखेला सुनावणी आहे. माया पातळ होऊ देऊ नका.
तुझा जाफरभाई

दापोली
१३ मार्च १९९९

जाफरभाईंना जैतूनचा सलाम.
फोटो कसले काढू, भाई? गेल्या रमजानआधी अम्मीने हट्ट धरला की गळ्यात चेहरे घेऊन नमाज कसा पढू. सोनाराकडून चारही पुतळ्या दोन्ही बाजूंनी घासून घेतल्या. आता नुसत्या बटणांसारख्या दिसतात. पाचवी रमीजने दोहाला निघताना रडून वाचवली, गळ्यात घालून नेली. ‘ती दोन मुलं म्हणजे जाफरभाई आणि मी,’ म्हणायचा.

माळ घातलेला जुना फोटोही नाही. अम्मी फोटोला उभी राहते थोडीच? तुम्हीच चिडवायचात, हिच्या पासपोर्टवर बुरखा चिकटवा म्हणून.

घराबाहेर ते चेहरे एका सोनारानेच पाहिलेत. पण तो म्हणतो, बाय, जुनी नाणी सरकारजमा होतात, मी काही पाहिलं नाही. अम्मी जेवत नाही. दुवेत आम्हाला ठेवा.
तुमची जैतून

दोहा
२२ मार्च १९९९

प्रिय जैतून,
सलाम. पत्र आज मिळालं. रमीजला भेटलो. न कळणाऱ्या अरबी कागदावर त्याने सही केली आहे. म्हणाला, घासल्यावरून अम्मीला बोल लावू नका. वकील म्हणतो, साक्षीशिवाय उभं राहण्यात अर्थ नाही. सुनावणी आठ दिवसांवर, पत्राला नऊ लागतात; मलाही आशा दिसत नाही.

पण भित्र्या माणसाच्या गप्प बसण्यावर माझा भाऊ मी सोडणार नाही! पत्र पोचताच अम्मीचा हात धर, सोनाराच्या दुकानात नेऊन बसव, आणि काय घासलं ते त्याने स्टँपपेपरवर लिहून देईपर्यंत तिथून उठू नका.
जाफर