बुधवारचं गाठोडं

शुक्र. १०/२/७८, कानपूर
आन् मीच का म्हनून नमायचं? फौजेत भरती झालो न्हाई, ह्यो एक गुन्हा. न सांगता सोनं गाळायच्या भट्टीवर एवढ्या लांब पळून आलो, ह्यो दुसरा. दोन वर्सं झाली, आबांचा एक सबूद न्हाई. "घरात पाय ठेवू नगंस" आसा निरोप धाडला, त्यो शेवटचा. पयली मनीऑर्डर त्यांच्या नावानं धाडली, तर "घेत न्हाई" म्हनून परत आली. तवापासनं आईच्या नावानं.

आज आईचं कारड, मास्तरांकडनं लिवून घेतल्यालं. आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. सांगलीच्या डॉक्टरला दावायचाय. "बुधवार चांगला हाय, बुधवारी निघनार. तूबी सांगलीत ये. तू येनार म्हनून त्यांस्नी सांगितलंय." त्यावर आबा काय म्हनले, त्ये कारडात न्हाई.

शनि. ११
शेठनी रजा दिली. आमच्याच तालुक्यातला मानूस. "जा गड्या. पर पुढच्या सोमवारी भट्टीपाशी दिसाय पायजेस." वर जायचं भाडं हातावर ठेवलं. देव त्यांचं भलं करो.

बेत :
बुधवारी पहाटं साडेपाचला मिरज. तितनं यष्टी, सातला सांगली. नदीवर अंघोळ, नवा शर्ट.
साडेधाला आबांची यष्टी. टांगा. डॉक्टर.
खानावळ. आबांना भाकरीच लागती, आदुगर इचारून ठेवायचं.
गनपती. मग घाटावर बसायचं. तिथं बोलायचं.
काय बोलायचं त्ये...

बुध. १५, सांगली
समदं येळेवर. अंघोळ झाली, शर्ट घातला. साडेधाची यष्टी आली. उतरनारं एकेक तोंड बघितलं. न्हाईत. दीडची आली. न्हाईत. पाचची, त्यातबी न्हाईत. आबांसाठी भडंगाची पुडी घेतली हुती, ती मीच खाल्ली. स्टँडवरच पडतो.

गुरु. १६
आज साडेधाची आन् दीडची यष्टी बघितली. न्हाईत. माझं तोंड बघायचं न्हाई म्हनून उंबऱ्यात आडून बसले आसतील. डोळा जाऊ दे, पर हेका नगं सोडायला. मनात नगं नगं त्ये बोललो. पिशवी उचलली, मिरजेला जाऊन मिळंल ती गाडी धरावी म्हनून.

च्याच्या गाड्यावरच्या अक्कांनी हटकलं. "कालधरनं कुनाची वाट बघतुयास रं?" सांगितलं समदं. बुधवार चांगला, बुधवारी निघनार, कारडात लिवलंय.

अक्का हसाय लागली. "आरं येड्या, बुधवारी गाठोडं निघालं आसंल. मानसं सवडीनं येतील. तुमच्यात प्रस्थान ठेवत न्हाईत व्हय?"

ठेवत्यात की! दिस चांगला, पर जायाला सवड न्हाई, मग गाठोडं बांधून मारुतीच्या देवळात न्हेऊन ठेवायचं. तेवढ्यानं निघाल्यागत झालं. मानसं मागनं दोन दिसांनी ते उचलून निघत्यात. आज्जापासनं हाय आमच्यात. आन् गुरुवारी गावचा बाजार, आबा बाजार सोडून हलतील कशाला? मला कळाय नगं? दोन वर्सांत काय काय इसारलो म्या.

अक्कांनी च्याचं पैसं घेतलं न्हाईत. "बस हितंच. उद्याचा बेत कर," म्हनली. त्या बाईनं हटकलं नसतं तर गेलो हुतो.
उद्या संध्याकाळी सहाला माझी परतीची गाडी.

शुक्र. १७, गाडीत
साडेधाच्या यष्टीतनं पयलं गाठोडं उतरलं, मग आबा, मग आई. आईनं तोंडावरनं हात फिरवला. आबांनी बघून न बघितल्यागत केलं.

बेत समदा गेला. डॉक्टरकडं ही गर्दी. ना खानावळ, ना गनपती, ना घाट. ओसरीवरच्या बाकावर चार तास. आबा, मी, मधी आई. मग आई पानी बघती म्हनून उठली ती लवकर आलीच न्हाई.

आबा समोर बघूनच म्हनले, "हाताला काय?"
"भट्टीचं."
"लय?"
"न्हाई, जुनं हाय."
आबा म्हनले, "फौजेत बरं झालं आसतं." मग आपनच म्हनले, "गोळीबी लागली आसती म्हना."
हसले का काय. माझ्याकडं मोतीबिंदूचा डोळा हुता, कळलं न्हाई.

आई आली, भाकरी काढली. आबांनी गाठोडं सोडलं. तळाला फडक्यात शेंगा आन् गूळ. त्ये माझ्याकडं सरकवलं. "आईनं दिल्यात."
"म्या?" आई म्हनली. "आवं, बुधवारी देवळात न्ह्यायच्या आदुगर कुनी बांधल्या? मला हात लावू दिला न्हाई!"
"गप ए."

म्हंजे बुधवारधरनं माझ्या शेंगा मारुतीपाशी, आन् मी हितं स्टँडवर त्यांस्नी शिव्या देत.

डॉक्टर म्हनले, पुढच्या म्हैन्यात ऑपरेशन. खर्च आईनं इचारला. आबा "बघू" म्हनले.

टांग्यात बसायच्या आदुगर पाया पडलो. आबांनी पाय मागं घेतले न्हाईत. घरी ये म्हनले न्हाईत. येऊ नगं, आसंबी म्हनले न्हाईत.

सोम. २०, कानपूर
येळेवर भट्टीपाशी. शेंगा समद्यांना वाटल्या. शेठनी दोन खाल्ल्या, गावाकडच्या म्हनून डोळे मिटले. पगारातनं आगाऊ मागितले, कशाला म्हनूनसुदिक इचारलं न्हाई.

दुपारी पोष्टात गेलो. फारमवर सवयीनं आईचं नाव लिवलं. थांबलो. खिडकीतनं दुसरा फारम मागून घेतला. आबांचं नाव, नीट, काना-मात्रा बघून. खाली मजकुराच्या जागेला "डोळ्यासाठी" एवढंच.

घेतील, न घेतील.
रु. १२५.