जाहिरातीतली लुंबिनी

सरजाबाई मावशी,

देवणीहून तुम्ही लातूरला माझ्या स्टुडिओत आलात. म्हणालात, "क्लासच्या जाहिरातीत माझी लेक हसत व्हती. तेवढं दाखवता का?"

मी म्हणालो, "ते आता न्हाई."

खोटं बोललो. लुंबिनीनं जीव दिल्यावर क्लासवाल्यांनी तिला व्हिडिओतून काढायला सांगितलं. दोन दिवस बसून मी तिच्या जागी रिकामा बाक केला. मूळ व्हिडिओ माझ्याकडंच हाय.

भूकंपात गेलेल्या माझ्या थोरल्या बहिणीवर मी ॲनिमेशन फिल्म करायलोय. तिचा एकही फोटो न्हाई, चेहरा काही केल्या जमत न्हाई. तरी तुम्हाला लुंबिनीचा दिला न्हाई. क्लासचं काम सुटंल म्हणून भ्यालो.

जाताना तुम्ही म्हणालात, "तुम्हाला उगी तरास दिला, बाबा."

हे पत्र टाकायचीही हिंमत न्हाई.

गुन्हेगार,
रियाज