सपाट दिसलेली जागा

दि. ११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते निवृत्त शिक्षिकेचे गुडघे. त्यांना ऐकणारा वर्ग हवाच. दोन वर्षांत तुझं पत्र नाही आणि माझंही नाही. रागावण्याचा पहिला हक्क कोणाचा, हा वाद तूर्त बाजूला ठेवू.

गेला आठवडा घरामागची हिरवळ सारखी करण्यात गेला. समत्वावर वर्गात तीस वर्षं संस्कृतातून बोलले. प्रत्यक्ष चार हात जमीन समतल करायची तर माळी बोलवावा लागला. गृहस्थ वयानं माझ्याहून लहान, पण त्यानं मला पहिल्या बाकावर बसवलं. "बाई, वरून माती टाकायची नसते. गवत मुळांसकट कापायचं, सतरंजीसारखं गुंडाळायचं, मग खाली काय ते करायचं." फाटकाजवळचा उंचवटा त्यानं तसाच उघडला, जादा माती काढली, गवत परत अंथरून पाणी घातलं. काढलेली माती मी घमेल्यात राखून ठेवली. ती कुठं लागणार हे मला ठाऊक होतं.

कपड्यांच्या दोरीकडे जाताना लागतो त्या खड्ड्यात. आपण दोघंही त्याला तुझा खड्डा म्हणतो. तिथलं वाळलेलं झाड तू कापलंस. मी म्हटलं, "बुंधा मुळासकट काढ." तू म्हणालास, "राहू दे गं ताई, कुजेल आपोआप." कुजला, आणि वरची जमीन बसली. पुढचंही तुला पाठ आहे. आई तिथं पडली, खुबा मोडला, तीन महिन्यांत गेली. ती गेली त्या दिवशी भरल्या घरात, मावशी आणि मामांसमोर मी तुला म्हटलं, "तुझ्या आळसानं आई गेली." तू चपला घातल्यास आणि निघालास.

परवा माळ्यानं तिथलं गवत उचललं. खालची माती भुसभुशीत निघाली, मध्ये कुजक्या गवताचा काळा पापुद्रा.

"हे कोणी भरलंय? चोपलेलंच नाही. थोडी माती, पायानं दाबायची, पाणी मारायचं, मग पुन्हा थोडी. हे नुसतं झाकलंय."

"मी," म्हटलं.

त्यानं एकदा वर पाहिलं आणि कामाला लागला. मी पायरीवर बसले.

आई सहा वर्षं त्या खड्ड्याला वळसा घालून जायची. हातात बादली, दोन पावलं डावीकडे, मग सरळ. गवतात तिची वाकडी वाट पडली होती. तुम्ही सगळे येणार म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोन घमेली माती त्यात ओतली, वर कापलेलं गवत पसरलं. इतकं छान दिसलं की स्वतःलाच शाबासकी दिली. आईला सांगायचं राहिलं. सकाळी ती बादली घेऊन निघाली, जागा सपाट दिसली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ गेली.

तिच्या वजनानं माती दबली, खड्डा पुन्हा उघडा पडला. तू पोचलास तेव्हा दिसला तो तुझाच. मी तो तुझाच राहू दिला.

दवाखान्यात तिनं मला विचारलं होतं, "तिथला खड्डा कुठं गेला होता गं?"

मी म्हटलं, "झोप बघू आता." आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या बाईला तेवढंच सुचलं.

या पत्राच्या दोन नकला केल्या आहेत. एक मावशीला, एक मामांना. तुला बोलले ते चारचौघांत. परत घ्यायचं तर तिथंच घ्यायला हवं. मावशी फोन करून रडेल, मामा फोनही करणार नाहीत. सोसेन.

माळ्यानं माती थराथरानं भरली, वर गवत बसवलं. मुळं धरेपर्यंत तीन आठवडे तिथं पाय ठेवायचा नाही म्हणतो. चारी बाजूंनी सुतळी बांधली आहे. त्याची तशी गरज नव्हती. मी दोन वर्षं आईच्याच वाटेनं जाते, वळसा घालून.

तू ये, असं लिहायचा अधिकार माझा राहिलेला नाही. आलास तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी पाय आपटून बघ.

आईला उत्तर न दिलेली,
ताई